जास्वंदीचे न दिसणारे राखणदार

आपल्यापैकी अनेकांच्या गच्चीत, गॅलरीत किंवा अंगणात जास्वंदीचे एखादे झाड असेल. सकाळी स्नान झाले की परडी घेऊन त्या झाडापाशी जायचे, उमललेली फुले मोजायची, दोन गणपतीसाठी आणि एखादे देवीसाठी काढायचे, असा घरातील ज्येष्ठांचा नेम त्या झाडाच्या भरवशावर चाललेला असतो. ऊन तापू लागले की एके दिवशी ध्यानात येते, शेंड्याची पाने आखडली आहेत, कळ्या उमलण्यापूर्वीच गळत आहेत. जवळ जाऊन पाहावे तर पानांच्या बेचक्यात पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात आणि खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली असते. हा पिठ्या ढेकूण. त्याला पाहून मनात पहिला विचार येतो तो एकच : एखादे औषध आणून फवारून टाकावे.

गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या घरी हेच झाले. माझ्या सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. तिथी-वार त्यांना आठवत नाहीत. परंतु गणपतीला लाल फूल वाहायचे असते, हे त्या विसरत नाहीत. फुले येईनाशी झाल्यावर त्या रोज तोच प्रश्न विचारीत आणि रोज कष्टी होत. सासऱ्यांना ते पाहवेना. त्यांनी शेतीच्या औषधांची एक बाटली आणली, अंदाजाने पाण्यात मिसळली आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर तुषार जाऊ नयेत म्हणून गॅलरीच्या काचा लावून घेऊन फवारणी केली. सासूबाई नेहमीप्रमाणे तिथेच खुर्चीवर बसलेल्या होत्या.

तासाभरात त्यांना दरदरून घाम सुटला. तोंडातून लाळ गळू लागली, उलटी झाली. आम्हाला वाटले, उन्हाचा त्रास असेल. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच काही प्रश्नांपैकी एक होता, ‘घरात कसली फवारणी केली होती का?’ बाटली मागवून घेतल्यावर उपचाराची दिशा ठरली. दोन दिवसांनी सासूबाई घरी आल्या. मात्र आपल्याच हातून हे घडले, हा सल सासऱ्यांच्या मनातून जायला कितीतरी अधिक दिवस लागले.

आजचा लेख त्या बाटलीविषयी आहे आणि त्याहून अधिक तिच्याविना झाड राखणाऱ्या जिवांविषयी आहे.

एकच विकर, दोन टोकांचे परिणाम

बाजारातील अनेक जुनी कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतील असतात. आपल्या शरीरात एका मज्जातंतूकडून पुढे संदेश नेण्याचे काम ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य करते. काम झाले की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे तत्काळ विघटन करते. ही कीटकनाशके नेमके हे विकर बंद पाडतात. किडीच्या शरीरात संदेश थांबतच नाहीत आणि ती मरते. माणसाच्या शरीरातही तेच विकर आहे. म्हणून विषबाधा झाली की घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि प्रसंगी श्वास अडतो.

विस्मरणाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांनी येथे एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांसारखी औषधेही याच विकराला आवर घालतात. मात्र मोजून, वैद्यकीय देखरेखीखाली आणि मेंदूला लाभ व्हावा या हेतूने. अशा व्यक्तीच्या अंगात त्याच प्रकारचे कीटकनाशक गेले, तर दोन्हींच्या परिणामांची बेरीज होऊ शकते. याचा अर्थ औषध बंद करावे असा मुळीच नव्हे. अशा व्यक्तीच्या आसपास ही फवारणी करू नये, असा आहे. ज्यांना दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्यांना इतर गटांतील कीटकनाशकांचे तुषारही त्रासदायक ठरू शकतात.

मग झाडाचे काय करायचे? त्याचे उत्तर जास्वंदीच्याच एका कथेत आहे. त्यासाठी आपल्याला कॅरिबियन समुद्रातील एका लहानशा बेटावर जावे लागेल.

ग्रेनेडाची जास्वंद

ग्रेनेडा हा देश जायफळासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घराघरांना जास्वंदीचे कुंपण असते. १९९४ मध्ये तेथे एक नवी कीड ओळखली गेली, गुलाबी पिठ्या ढेकूण. वरची पांढरी मेणकट भुकटी पुसली की खालचे अंग गुलाबी दिसते, म्हणून हे नाव. ही कीड मूळची आपल्या दक्षिण आशियाच्या परिसरातील. तिचे शास्त्रीय वर्णन १९०८ मध्ये प्रथम झाले, तेही भारतात मिळालेल्या नमुन्यांवरून. आपल्या जास्वंदीवर दिसणाऱ्या पिठ्या ढेकणांपैकी ती एक आहे. द्राक्षबागायतदारांनाही ती चांगलीच परिचित आहे.

भारतातील जास्वंद या किडीने कधी नामशेष केली नाही. ग्रेनेडात मात्र कुंपणेच्या कुंपणे वाळली. जास्वंदीवरून ती कोकोवर गेली, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सावली धरणाऱ्या वर्षावृक्षावर गेली, डोंगरातील जंगलांतही शिरली. शेजारच्या बेटांनी ग्रेनेडाची फळे-भाजी घेणे थांबवले. लोकांनी झाडे छाटली, जाळली आणि फवारण्याही केल्या. पण या किडीची मादी मेणाच्या कापशी पिशवीत काहीशे अंडी घालते आणि पिले बेचक्यांत, सालीच्या भेगांत दडून बसतात. फवारा तेथवर पोहोचतच नाही.

तीच कीड आणि तीच जास्वंद; मग एवढा फरक का पडला? कारण ती कीड समुद्र ओलांडून गेली आणि तिच्यावर जगणारे तिचे शत्रू मागे आशियातच राहिले. कोणतीही कीड केवळ स्वतःच्या बळावर माजत नाही, तिला आवरणारे कोणी नसले की ती माजते. हे साधे तत्त्व कीटकशास्त्रज्ञांना शंभर वर्षांपासून ठाऊक होते.

१८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीमुळे उजाड होत होत्या. अल्बर्ट कोबेले हे कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्या किडीवर जगणारा एक चिमुकला लाल-काळा ढालकिडा त्यांनी जहाजाने पाठवला. सुरुवातीच्या पेट्यांतून अवघे १२९ ढालकिडे जिवंत पोहोचले. त्यांची प्रजा वाढली आणि दीड-दोन वर्षांत बागा सावरल्या. जैविक कीड नियंत्रणाच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ येथून मानतात.

ग्रेनेडातही तीच वाट धरली गेली. १९९५ मध्ये ‘ॲनागायरस कमाली’ नावाची गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील एक परोपजीवी माशी चीनमधून आणून तेथे सोडण्यात आली. ती जेमतेम दोन मिलिमीटर लांब असते आणि माणसाला चावत नाही. तिची मादी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाते. ढेकूण फुगतो, कडक होतो आणि त्याची निर्जीव कुपी बनते. दोनेक आठवड्यांनंतर त्या कुपीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते आणि दुसरा ढेकूण शोधू लागते. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलीमस हा भुंगेराही त्या बेटांवर सोडण्यात आला. हळूहळू प्रादुर्भाव ओसरला आणि ग्रेनेडाच्या कुंपणांवर जास्वंद पुन्हा फुलू लागली. कीड समूळ नष्ट झाली नाही. आपल्याकडे असते तशी ती मर्यादेत राहिली.

आपल्याकडची पपई

हीच कथा आपल्या देशात उलट्या दिशेने घडली. २००८ मध्ये कोइम्बतूरच्या परिसरात पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण आढळला. तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा. येथे त्याला कोणी शत्रू नव्हता. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद असे जे मिळेल त्यावर तो पसरला आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. तुतीवर फवारणी करावी तर तीच पाने खाणारे रेशीमकिडे मरतात. शेतकऱ्यांची कोंडी झाली.

२०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने (आज ती राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखली जाते) अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सहकार्याने पोर्तो रिकोहून या ढेकणाच्या तीन परोपजीवी माश्या आणल्या. त्यांपैकी ‘ॲसेरोफॅगस पपायी’ ही सर्वांत गुणकारी ठरली. सोडल्यानंतर काही महिन्यांतच पपईच्या बागा सावरू लागल्या. त्या वर्षांनंतर आपण आजारी माणसासाठी पपई चिरली असेल, तर तिच्यामागे या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माशीचाही थोडा हातभार असू शकतो.

सावधपणाची गरज

‘शत्रूचा शत्रू आणून सोडला की झाले’ इतके हे सोपे नाही. १९३५ मध्ये उसावरील भुंगेरे खातील या आशेने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मोठे विषारी भेक आणून सोडले. त्यांनी भुंगेऱ्यांना आवरले नाही. स्वतःच बेसुमार वाढले आणि त्यांना खाऊन तेथील अनेक वन्य प्राणी मेले. ज्याला मिळेल ते खाण्याची सवय आहे, तो राखणदार होऊ शकत नाही, हा धडा शास्त्राने त्यातून घेतला. आता परदेशी मित्रकीटक आणण्यापूर्वी तो बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवतात. तो नेमकी तीच कीड खातो ना, इतर उपयुक्त जिवांना अपाय करीत नाही ना, हे तपासतात आणि मगच परवानगी मिळते.

संशोधनात धीरही लागतो. क्रिप्टोलीमस हा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा भारतात प्रथम १८९८ मध्ये कॉफीवरील किडीसाठी आणला गेला. त्या कामी त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे मात्र तो दक्षिण भारतात स्थिरावला आणि द्राक्षांवरील पिठ्या ढेकणासाठी आज त्याचाच आधार घेतला जातो. ज्या कामासाठी तो आणला ते त्याला साधले नाही आणि नातवंडांच्या पिढीला तो दुसऱ्याच कामी आला.

आपल्या गॅलरीतील ग्रेनेडा

वाचकहो, या साऱ्यातून आपल्यासाठी निघणारा बोध असा : आपली जास्वंद तिच्या राखणदारांपासून दुरावलेली नाही. परोपजीवी माश्या, ढालकिडे आणि जाळीदार पंखांचे हिरवे कीटक आपल्या परिसरात आहेतच. आपण जहाल कीटकनाशक फवारतो, तेव्हा उघड्यावर हिंडणारे हे मित्र आधी मरतात आणि मेणाच्या आड दडलेली कीड वाचते. काही दिवसांनी ती दुपटीने उसळते. म्हणजे आपणच आपल्या गॅलरीचे ग्रेनेडा करतो. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

प्रथम पाहावे. वाचायचे भिंग घेऊन सकाळच्या उजेडात शेंडे न्याहाळावेत. क्रिप्टोलीमसची अळीही पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी मढलेली असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. पुष्कळ लोक शत्रू समजून तिलाच चिरडतात. फरक ओळखायचा असा : ढेकूण तीनेक मिलिमीटरचा आणि जवळजवळ एका जागी बसलेला असतो. अळी त्याच्या तिप्पट-चौपट लांब असते, तिची मेणाची झालर लांब असते आणि ती लगबगीने चालते. फुगलेल्या, तपकिरी, गोल भोक पडलेल्या कुप्या दिसल्या, तर राखणदार आलेले आहेत असे समजावे आणि ती फांदी राहू द्यावी.

दुसरे, मुंग्यांना रोखावे. पिठ्या ढेकूण गोड चिकट स्राव सोडतो. त्याच्या लोभाने मुंग्या त्याचा सांभाळ करतात आणि मित्रकीटकांना हुसकावून लावतात. त्याच चिकट थरावर पुढे काळी बुरशी धरते. कुंडीच्या काठाला पेट्रोलियम जेलीचा पट्टा लावला तर मुंग्या वर चढत नाहीत. कुंडी विटेवर ठेवून ती वीट पाण्याच्या ताटलीत ठेवणार असाल, तर पाणी रोज बदलावे. नाहीतर ढेकूण जाईल आणि डेंग्यूचा डास येईल.

तिसरे, हाताने काम करावे. फार आखडलेले शेंडे कापून पिशवीत घालावेत आणि तोंड घट्ट बांधून कचऱ्यात द्यावेत. उरलेले पुंजके ओल्या कापसाने किंवा जुन्या मऊ दातांच्या ब्रशने पुसावेत. पाण्याची जोरदार धारही पुष्कळ काम करते. हे काम ज्येष्ठांनी खुर्चीवर बसून करावे. कुंडी उंचावर असेल तर घरातील तरुणाने ती खाली घ्यावी. स्टुलावर चढण्याचा मोह नको; पडण्याचा धोका किडीपेक्षा मोठा आहे.

चौथे, एवढ्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवरूप साबण मिसळून आधी दोन-तीन पानांवर लावून पाहावा. पाने करपली नाहीत तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केवळ किडीच्या जागी फवारावा आणि काही वेळाने पाण्याने धुवावे. साबणाचे पाणी अंगावर पडले तर मित्रकीटकही मरतो. परंतु वाळल्यावर मागे विष उरत नाही. निंबोळी तेलही उपयोगी आहे. पण ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असे नव्हे. ते पोटात जाणे, विशेषतः लहान मुलांच्या, घातक ठरू शकते. बाटली औषधांच्या कपाटात ठेवू नये. बुरशीयुक्त जैविक कीडनाशकेही दमेकऱ्यांनी किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी स्वतः फवारू नयेत.

पाचवे, मित्रांना घर द्यावे. परोपजीवी माश्यांना मधुरस लागतो. एखाद्या कुंडीत कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप फुलावर येऊ द्यावी. तिची बारीक फुले त्यांना मानवतात. आणि थोडी कीड राहू द्यावी. सगळे ढेकूण संपले तर राखणदार उपाशी राहतील आणि निघून जातील. दोन-चार पुंजके असलेले झाड आजारी नसते.

क्रिप्टोलीमससारखे भुंगेरे द्राक्ष, पेरू, सीताफळ यांच्या बागांसाठी विकत मिळतात. ज्यांची गावाकडे बाग आहे, त्यांनी कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. दोन-तीन कुंड्यांसाठी मात्र ते आणू नयेत. खाद्य संपले की ते उडून जातात.

बाटली घरात असेलच तर

ती मूळ वेष्टनात, वरच्या कुलपात ठेवावी. शीतपेयाच्या बाटलीत कीटकनाशक ओतून ठेवणे ही जिवावर बेतणारी सवय आहे. विस्मरण असलेल्या व्यक्तीला आणि नातवंडाला त्यातील फरक कळत नाही. फवारलेल्या झाडाची फुले जास्वंदीच्या तेलासाठी किंवा चहासाठी वापरू नयेत. फवारणीनंतर कोणाला त्रास झाला तर त्याला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी सोबत न्यावी. आमच्या बाबतीत त्या चिठ्ठीनेच वेळ वाचवला.

आमच्या गॅलरीतील जास्वंद यंदा पुन्हा फुलली. दोन शेंड्यांवर थोडे पांढरे अजूनही आहे. सासरे रोज भिंग घेऊन बसतात आणि भोक पडलेल्या कुप्या मोजतात. मोजलेला आकडा ते सासूबाईंना सांगतात. दुसऱ्या दिवशी त्यांना तो आठवत नाही. म्हणून ते पुन्हा मोजतात आणि पुन्हा सांगतात. फूल मात्र त्या स्वतःच्या हाताने काढतात आणि त्या वेळी गॅलरीच्या काचा उघड्या असतात.